वेटिंग रूममध्ये धाकटी

मुलानं मला पुण्याचं तिकीट काढून पाठवलं, तेही एसीच्या वरच्या वर्गाचं, तेव्हा पहिला फोन मी धाकट्या जावेला केला. तिला कळवायची तशी काही घाई नव्हती. पण चौतीस वर्षं जिच्याशी मी मनातल्या मनात भांडत आले, तिला ही बातमी आपल्या तोंडानं सांगण्याचं सुख मला सोडवेना.

"एसीचं तिकीट पाठवलंय त्यानं," मी म्हणाले. "म्हणला, आई, बाळ महिन्याचं झालं, आता तू आल्याशिवाय घर घर वाटत नाही."

यातलं शेवटचं वाक्य माझ्या पदरचं होतं. तो एवढंच म्हणाला होता, की आई, बावीस तारखेचं तिकीट आहे, गोळ्या घ्यायला विसरू नको.

"लई झ्याक झालं बघा, आक्का," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठं काही खुपल्याची खूण सापडते का, ते मी कान देऊन ऐकत होते. सापडली नाही. "म्या येते तुमाला गाडीत बसवाया. बाळंतिणीसाठी खवा बी घिऊन येते."

"एवढ्या लांबून कशाला येतीस?" असं मी म्हणाले खरं, पण ती यावी असंच मला वाटत होतं.

आमचं गाव भूमपासून आत, माळावर. धाकटे दीर तिथं म्हशी आणि जमीन सांभाळतात. मी लग्न होऊन आले तेव्हा डी.एड. झालेली होते. मुलगा झाला आणि तो अकरा महिन्यांचा असताना मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. शाळा मिळाली ती जळकोटच्या पलीकडं, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मुलाचे वडील तेव्हा नोकरीला दुसऱ्या जिल्ह्यात. परक्या गावात एका खोलीत तान्हं पोर घेऊन राहणं जमण्यासारखं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पोरगं इथंच राहू दे, आम्ही आहोत. आम्ही म्हणजे त्या आणि वर्षभरापूर्वी घरात आलेली धाकटी. ती तेव्हा वीस वर्षांची होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं अजून. तिच्या दोन्ही मुली त्यानंतरच्या.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी निघायचे. दोन एसट्या बदलून गावात पोचेपर्यंत दिवे लागलेले असायचे. रविवारी दुपारी जेवून परत. साडेचार वर्षं हे चाललं. मुलाला पहिला दात आला, तो चालला, बोलला, हे सगळं मी धाकटीच्या तोंडून ऐकलं. सासूबाईंनी त्याला "काकू म्हण" म्हणून शिकवलं होतं, पण त्याच्या तोंडातून निघालं ते "माय". मी आई आणि ती माय. एका शनिवारी मी दारात उभी राहिले तर तो तिच्या लुगड्याआड लपला आणि तिला हळूच विचारलं, "माय, ही बाई आपल्यातच जेवनार हाय का?"

सगळे हसले. मीही हसले. चूल पेटत होती आणि घरात धूर होता, त्यामुळं माझ्या डोळ्यांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढं धाराशिवला बदली झाली आणि मी त्याला आणलं. तो रडला, तापला, पंधरा दिवसांनी सावरला. शिकला, इंजिनिअर झाला, पुण्यात लागला. आठ वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले तेव्हा तो माझ्या गळ्यात पडला आणि मग तिच्या गळ्यात पडला. तिथं जास्त वेळ राहिला. अशा वेळी माणूस असं काही मोजत नाही म्हणतात. मी मोजलं.

तर ती आदल्या दिवशी संध्याकाळी आली. खव्याचा डबा, शेंगांची चटणी, बाळासाठी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, अशी दोन गाठोडी. रात्री तिनं माझ्याच घरात मला स्वयंपाक करू दिला नाही. सकाळी आम्ही रिक्षा करून स्टेशनवर गेलो. आमचं स्टेशन गावाबाहेर आहे, आणि तिथं पोचल्यावर कळलं की गाडी अडीच तास उशिरा.

फेब्रुवारी संपत आला होता. साडेसातलाच ऊन फलाटावर उतरलं होतं आणि सावलीतली सगळी बाकडी भरलेली होती.

"म्या बसते हितंच खाली," असं म्हणून ती पदर सावरून बसायलाही लागली.

"इथं कशाला?" मी म्हणाले. "वरच्या वर्गाच्या लोकांना वेगळी खोली असते. चल."

तिच्या पायाला ऊन लागेल म्हणून मी तिला आत नेलं, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं नाही. पण त्या खोलीच्या दारातून मी पुढं आणि ती मागं, असं एकदा तरी चालायचं होतं मला.

दाराशी टेबल टाकून एक बाई बसली होती, पुढ्यात वही. मी मोबाईलवरचं तिकीट दाखवलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि धाकटीकडं बघितलं.

"ह्यांचं?"

"ही माझी पाहुणी आहे. मला सोडायला आली आहे."

"सोडायला आलेल्यांना आत बसता येत न्हाय, मॅडम."

तीस वर्षं वर्गावर काढलेला आवाज मी बाहेर काढला. "गाडी तुमची उशिरा. बाईमाणसानं अडीच तास उन्हात उभं राहायचं का? माझ्या जबाबदारीवर बसू दे."

बाई कुरकुरली, मग म्हणाली, "बसा. पण कुणी तपासायला आलं तर माझं नाव सांगू नका."

मला फार बरं वाटलं. माझ्या शब्दावर ती आत आली होती. मी मागं वळून पाहिलं तर धाकटी दाराशी वाकून चपला काढत होती.

"अगं, घाल त्या. इथं कुणी काढत नाही."

"फरशी बघा की किती नितळ हाय," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन अनवाणीच आत आली.

खोली नव्यानंच केलेली असावी. काचेचं दार, गार हवा, गुबगुबीत खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. पेपर वाचणारे एक गृहस्थ होते आणि एक तरुण आई होती, तिच्या खांद्यावर दोन-अडीच महिन्यांचं बाळ. ते रडत होतं. रडत म्हणजे पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन, एकसारखं. ती बिचारी खोलीत येरझारा घालत होती आणि गृहस्थ पेपरच्या वरून अधूनमधून तिच्याकडं पाहत होते.

मी धाकटीला खोली दाखवत होते. पाणी कुठं, बाथरूम कुठं, पंख्याला पाती नसून भिंतीतून गार वारा कसा येतो. तिला एसी ठाऊक नव्हता असं नाही, तिच्या धाकट्या जावयाकडं आहे. पण ती "व्हय का" म्हणत ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं लक्ष त्या बाळाकडं गेलं आणि माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच ती उठली.

"पोट दुखायलंय गं त्याचं," ती त्या मुलीला म्हणाली. "दे हिकडं."

आणि त्या मुलीनं दिलं. तिचं नाव गाव न विचारता, जाकीट घातलेल्या, इंग्रजी पुस्तक पिशवीत असलेल्या त्या मुलीनं आपलं पोर एका अनवाणी बाईच्या हातात दिलं.

धाकटी फरशीवरच बसली. बाळाला मांडीवर पालथं घातलं. एक हात त्याच्या पोटाखाली, दुसऱ्या हातानं कमरेपासून मानेपर्यंत हळूहळू चोळत राहिली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, गाणं नव्हे, नुसता हुंकार. बाळानं आणखी दोन-चार किंकाळ्या फोडल्या, मग रडणं तुटक झालं, मग एक मोठी ढेकर आली आणि ते गप्प झालं. पाच मिनिटांत झोपलं.

"काय केलंत हो तुम्ही?" ती मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पहाटेपासून रडतंय."

पेपरवाले गृहस्थ म्हणाले, "जुन्या माणसांच्या हाताला गुण असतो."

दारावरची बाईसुद्धा खुर्ची सोडून आत आली. तिची मुलगी सातव्या महिन्यात होती म्हणे, पाय सुजतात, काय करावं. धाकटी तिला म्हणाली, ते डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका. मग ती बाई बाहेरून तिच्यासाठी चहा घेऊन आली. धाकटीनं "आक्काला बी द्या की" म्हटल्यावर माझ्यासाठी आणला.

मी त्या खुर्चीत बसले होते. तिकीट माझं, मान माझा, आणि खोलीतली सगळी माणसं तिच्याभोवती. मला आठवलं, आमच्या घरात असंच व्हायचं. मी शनिवारी थकून यायचे, हातात खाऊची पुडी घेऊन, आणि सगळं घर त्या दोघांभोवती फिरत असायचं. मी हळूच एका कडेला बसून माझ्या मुलाला तिच्या मांडीवर बघायचे. आता साठी ओलांडली तरी माझी जागा तीच होती, फक्त खुर्ची मऊ होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगा.

"गाडी लेट आहे ना? बघितलं मी. कुठं बसलीस?"

"वरच्या वर्गाच्या खोलीत. एसी आहे."

"बरं झालं. माय आहे का जवळ? दे तिला."

मी फोन तिच्या कानाला लावला, कारण तिच्या दोन्ही हातांत ते झोपलेलं पोर होतं. मीच फोन धरून उभी होते, त्यामुळं तिचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"व्हय रे राजा... झाली न्ह्यारी. ... हाय, खवा दिलाय... न्हाय, न्हाय, आता ते पुन्यांदा काडू नगंस. तुला तवाच सांगितलंय न्हवं का? आदी तुजी आई. माजं काय, मागनं यीन की मी."

फोन बंद झाला. मी विचारलं, "काय काढू नको म्हणालीस?"

"कुटं काय."

"खरं सांग."

तिनं मांडीवरच्या बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाचच सारखं केलं. तिला खोटं बोलता येत नाही, हे मला चौतीस वर्षं माहीत आहे. तिचा राग येण्याचं तेही एक कारण आहे.

"त्यानं पयलं मला इचारलं व्हतं, आक्का. बाळाला न्हाऊमाखू घालाया यी म्हणला, तिकीट काडतो म्हणला. म्या म्हणलं, येडा का काय तू, पयली नात हाय, आजीचा मान हाय. आईला बोलव आदी. एवडंच."

एवढंच. मी खुर्चीत बसले. माझ्या मोबाईलवर ते तिकीट अजून उघडंच होतं. ते मला मिळालं नव्हतं, ते तिनं मला दिलं होतं. माझ्या मुलानं नव्हे, तिनं मला पुण्याला पाठवलं होतं, आणि मी तिला फोन करून ते ऐकवलं होतं, वर पदरचं वाक्य घालून. आणि तिनं "लई झ्याक झालं" म्हटलं होतं. तिला सगळं माहीत असताना. मला इतका राग आला की कानशिलं तापली. तिनं मला हिणवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला मान दिला होता, आणि तो देण्याइतका तिच्याकडं होता, हे मला सहन होईना.

याच वेळी काचेचं दार उघडून काळ्या कोटातले एक साहेब आत आले.

"तिकिटं दाखवा सगळ्यांनी."

गृहस्थांनी दाखवलं, त्या मुलीनं दाखवलं, मी दाखवलं. साहेबांनी फरशीवर बसलेल्या धाकटीकडं बोट केलं. "ह्या कुणाबरोबर आहेत?"

दारावरची बाई खाली बघत होती. तरुण मुलीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्याबरोबर आहेत, माझी जाऊ आहे, एवढं म्हणायचं होतं. दारात मी केवढा आवाज चढवला होता. आता माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. निघाला नाही असं लिहिणंही बरोबर नाही. मी काढला नाही. मी मोबाईलकडं बघत राहिले.

धाकटीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "माजं तिकीट न्हाय सायेब. लेकरू रडत व्हतं म्हणून आले व्हते आत. जाते की."

तिनं बाळ त्या मुलीच्या हातात दिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली, चपला उचलल्या आणि गेली. साहेबही दारावरच्या बाईला काहीतरी बोलून निघून गेले. खोली पहिल्यासारखी शांत झाली.

"मला वाटलं, त्या तुमच्या बहीण आहेत," ती मुलगी म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "गावाकडच्या आहेत."

आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण या तीन शब्दांइतकं वाईट खोटं मला दुसरं आठवत नाही. आणि ते शब्दाला शब्द खरंही होतं.

अर्धा तास मी तशीच बसले. हवा गार होती, खुर्ची मऊ होती. ती गेली की मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. मी पेपर घेतला, एकच बातमी चार वेळा वाचली. मग बाळ उठलं आणि पुन्हा सुरू झालं. त्या मुलीनं खांद्यावर घेतलं, पाजायचा प्रयत्न केला, काही उपयोग नाही.

"आजी, तुम्ही बघता का घेऊन?" तिनं मला विचारलं.

मी घेतलं. धाकटीनं केलं तसंच मांडीवर पालथं घातलं, हात पोटाखाली घातला. बाळानं पाठ ताठ केली आणि असा काही टाहो फोडला की गृहस्थ उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. माझ्या हातांना कळेचना काय करायचं ते. एवढीशी मान कशी धरायची, जोर किती द्यायचा. बाळ निसटेल अशी मला भीती वाटली. आणि तेव्हा जे माझ्या लक्षात आलं, त्यानं मी घाबरून गेले. संध्याकाळी मी पुण्यात असणार होते, सकाळी माझी सून माझ्या हातात तिची महिन्याची मुलगी अंघोळीला देणार होती, आणि मला ते येत नव्हतं. माझ्या मुलाला पहिले अकरा महिने सासूबाईंनी न्हाऊ घातलं. नंतर धाकटीनं.

"त्यांनाच बोलावता का जरा?" ती मुलगी काकुळतीनं म्हणाली. "असतील ना अजून बाहेर?"

बाहेर ऊन चढलं होतं. धाकटी फलाटाच्या टोकाला, लिंबाच्या तुटपुंज्या सावलीत, जमिनीवर पाय पसरून बसली होती. गेली नव्हती. मला ती गेली असेल असं वाटलंच नव्हतं, हेही मला तिथं पोचल्यावर कळलं.

"गाडी आली व्हय?" तिनं विचारलं.

"नाही. ते बाळ रडतंय पुन्हा. ती तुला बोलावतेय."

"आता आत नगं, आक्का. त्या दारावरच्या बाईला उगं बोलणी बसत्याल. तिलाच म्हणावं यी हिकडं, मोकळी हवा हाय."

ती मुलगी माझ्या मागोमाग आलीच होती. धाकटीनं बाळ घेतलं, परत तेच केलं, आणि परत ते शांत झालं. मी शेजारी उभी होते. मग मी खाली बसले, तिच्या शेजारी, मातीत. माझी साडी इस्त्रीची होती.

"मला शिकव," मी म्हणाले.

"काय?"

"बाळाला अंघोळ घालायला. मला येत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती हसली असती तर मी उठून गेले असते, माझा स्वभाव मला माहीत आहे. ती हसली नाही. बहुतेक तिनंही तोच हिशेब मनात केला असावा. मग सरळ सांगायला लागली.

"पाटावर बसायचं, पाय असं लांब करून. दोन्ही नडग्यांच्या मदल्या खोबणीत लेकरू बसतंय बगा, तिथं घातलं की पडत न्हाय." तिनं त्या बाळाला पायांवर घेऊन दाखवलं. "आदी पालथं. तेल कोमट. जोर तळव्याचा, बोटांचा न्हाय. मान हितं, तुमच्या घोट्याकडं. पाणी पाठीवर पयलं, डोस्क्यावर शेवटी. नाकातोंडात जाईल म्हणून भिऊ नगा, तुमी भेला की लेकराला कळतंय." मग बाळ माझ्या पायांवर दिलं. "धरा. आसं न्हाय. सैल सोडा हात. तुमी वर्गात पोरांचा कान धरल्यागत धरायलाव."

ती तरुण आई हसली. मीही हसले. बाळ माझ्या नडग्यांवर पडून लिंबाच्या पानांकडं बघत राहिलं, रडलं नाही. धाकटीचा हात माझ्या हातावर होता. तो किती खरबरीत आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

गाडी अखेर आली. तिनं दोन्ही गाठोडी आणि माझी बॅग डब्यात चढवली, सीटखाली सरकवली आणि खाली उतरली. मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "एसटी लवकर मिळेल ना?" ती म्हणाली, "व्हय, मिळतीया की." गाडी सुटली.

पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला अंघोळ घातली. पहिल्या दिवशी निम्मं पाणी माझ्याच साडीवर सांडलं, तिसऱ्या दिवशी हात सरावले. मुलगा बाथरूमच्या दारात उभा राहून बघत होता.

"आई, तू अगदी मायसारखं घालतेस गं," तो म्हणाला. खूश होऊन म्हणाला. त्याला वाटलं, तो माझं कौतुक करतोय.

मी पाण्याचा तांब्या ओतत राहिले. "तिनंच शिकवलं," हे सांगायला मला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी सांगितलं, आणि सांगितल्यावर खोलीत जाऊन तिला फोन लावला.

"त्या दिवशी साहेब आले तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले," मी म्हणाले. "मला राग आला होता."

"म्हाईत हाय मला."

"माहीत आहे?"

"तुमचं त्वांड दिसत व्हतं की." तिकडं म्हैस हंबरल्याचा आवाज आला. ती गोठ्यात असावी. "आक्का, एक सांगू का. तुमी शनवारी यायच्या न्हवं, तवा म्या दर शुक्रवारी देवाला म्हणायची, उद्या त्यांची गाडी चुकू दे. आन तुमी त्याला धाराशिवला घिऊन गेलाव, तवा दोन दिस म्या भाकरीला हात लावला न्हाय. सासूबाईनं लई बोल लावलं. मला वाटायचं, लेकरू जल्माला घालून बाजूला झाली, आन पाळला म्या, आन आता आली न्यायला. लई शिव्या दिल्या तुमाला मनात."

इतकी वर्षं मी समजत होते, जळायचं काम या घरात एकटी मीच करते.

"कधी बोलली नाहीस," मी म्हणाले.

"तुमी मास्तरीण. तुमाला कोण बोलणार," ती म्हणाली. आणि लगेच, "नातीच्या डोस्क्यावर तेल जिरवताव ना? सुनेला म्हणावं, कानात घालू नगा."

पाडव्यानंतर मीच मुलाला सांगून तिला पुण्याला बोलावलं. ती दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि आठ दिवस राहिली. आली त्या संध्याकाळी नात किरकिर करत होती. तासभर मी तिला घेऊन फिरत होते, आणि धाकटीनं हात धुऊन तिला मांडीवर घेतलं तशी पोरगी पाच मिनिटांत झोपली. मुलगा बघून हसला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. बाहेरून तिचा आवाज आला, "आक्का, हिकडं या की जरा. ही झोपंत तुमच्यागतच कपाळाला आठ्या घालायली बगा." मी गॅस बारीक केला आणि बघायला गेले.